चार महिन्यांचा बंद हंगाम

मे महिन्याच्या अखेरच्या एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बंगल्याकडे परतत होतो. युवक मंडळातील तीन-चार मुले चर्चच्या पायऱ्यांवर तोंडे पाडून बसली होती. इंग्लंडमधील फुटबॉलचा हंगाम आदल्याच आठवड्यात संपला होता आणि रात्री जागून सामने पाहण्याचे सुख आता ऑगस्टपर्यंत मिळणार नव्हते. त्यांतील एकाने आम्हांस विचारले, "फादर, हे खेळाडू एवढे दिवस करतात तरी काय? आणि तिथली माणसे शनिवारी जातात तरी कुठे?" सेमिनरीत असताना आम्हीही चिखलात फुटबॉल खेळलो आहोत, आणि त्या काळी ग्रंथालयात सापडलेली खेळाच्या इतिहासाची पुस्तके अभ्यासाच्या पुस्तकांआड ठेवून वाचलीही आहेत. तरीही त्या क्षणी आम्ही जे उत्तर दिले ते अगदीच तोकडे होते. "विश्रांती घेतात आणि मग सराव करतात," एवढे सांगून आम्ही नाश्त्याला गेलो. मनाला मात्र चुटपुट लागून राहिली. कारण इंग्लंडमधील फुटबॉलच्या इतिहासात हंगामापेक्षा हंगामाबाहेरचे दिवसच कधी कधी अधिक महत्त्वाचे ठरले आहेत. खेळाडू हा माणूस आहे की क्लबच्या मालकीची वस्तू, हा प्रश्न तेथे उन्हाळ्यातच विचारला गेला. त्या मुलाला द्यावयाचे राहिलेले उत्तर येथे लिहीत आहोत.

मुळात संघटित फुटबॉलचा जन्मच दुसऱ्या एका खेळाच्या विरामकाळात झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्लंडात क्रिकेट हा उन्हाळ्याचा खेळ. सप्टेंबर उजाडला, दिवस लहान झाले की क्रिकेटच्या क्लबांना टाळे लागे आणि सभासद विखुरत. शेफिल्ड शहरातील क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांनी हिवाळ्यातही एकत्र राहता यावे म्हणून १८५७ साली शेफिल्ड फुटबॉल क्लब काढला. आज अस्तित्वात असलेला जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब तो हाच. त्याच शहरातील वेन्सडे क्रिकेट क्लबने दहा वर्षांनी, १८६७ साली, याच हेतूने आपली फुटबॉल शाखा उघडली. बुधवारी दुपारी ज्यांना सुट्टी मिळे त्या कारागिरांचा हा क्लब, म्हणून त्याचे नाव बुधवार! १८७४ साली बर्मिंगहॅममधील एका वेस्लियन चॅपेलच्या क्रिकेट संघातील मुलांनी हिवाळ्यात काय करावे या विवंचनेतून ॲस्टन व्हिला स्थापन केला. डर्बी काउंटी १८८४ साली तेथील क्रिकेट क्लबच्याच पोटी जन्मला. म्हणजे फुटबॉल ही आरंभी क्रिकेटपटूंची हिवाळी सोय होती. पुढे हे पाहुणे बाळ घरच्या मुलापेक्षा धष्टपुष्ट झाले, तरी उन्हाळा मात्र कित्येक वर्षे क्रिकेटकडेच राहिला. १८८८ च्या ८ सप्टेंबरला बारा क्लबांच्या लीगचे पहिले सामने झाले ते याच रिवाजाला धरून. मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सामने खेळवण्यास फुटबॉल असोसिएशनची बंदी असे. त्या चार महिन्यांना तेथे बंद हंगाम म्हणत. शिकारीच्या कायद्यात पाखरांच्या विणीच्या दिवसांना जो शब्द आहे, तोच हा.

तयारी कशी करावी याचे शास्त्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणी कामगारांच्या संघाला एका लोखंडाच्या कारखानदाराने पैसे दिले आणि मोठ्या सामन्यापूर्वी संघ ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी सरावासाठी गेला. सामन्यापूर्वी असे खास बाहेरगावी जाण्याचा हा प्रकार तेव्हा नवाच होता. पहाटे सहाला एक पेला पोर्ट वाइन आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूवरून लांब फेरी. न्याहारीला ओटची लापशी आणि मासा. दुपारी मेंढीची तंगडी. सायंकाळी पुन्हा लापशी आणि दूध. रात्री अर्धा डझन कालवे. वसईच्या किनाऱ्यावरील आमच्या वाचकांना यातील कालवे तेवढी पटतील. या आहाराच्या बळावर म्हणा किंवा एकत्र राहून साधलेल्या मेळामुळे म्हणा, विणकर आणि मजूर यांच्या त्या संघाने ओल्ड इटोनियन्स या श्रीमंतांच्या शाळेतील माजी विद्यार्थ्यांचा दोन गोलांविरुद्ध एक असा पराभव करून चषक उत्तरेकडे नेला.

पुढे खेळ धंदेवाईक झाला आणि प्रत्येक क्लबात एक ट्रेनर आला. ऑगस्टच्या आसपास खेळाडू सुटलेली पोटे घेऊन परतत. मग मैदानाभोवती फेऱ्या, दोरीवरच्या उड्या, डंबेल्स, आणि आठ-दहा मैल चालणे. चेंडू मात्र फारसा हाती लागत नसे. आठवडाभर चेंडूला पारखे ठेवले म्हणजे शनिवारी खेळाडू त्याच्यावर भुकेल्यासारखा तुटून पडेल, अशी त्या ट्रेनरांची ठाम समजूत होती आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतरही अनेक क्लबांत टिकून होती. सुताराला पटाशी न देता त्याचा हात तयार करावा, असा हा प्रकार. मध्य युरोपातील संघ त्याच काळात चेंडू घेऊनच सर्व सराव करीत. १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीने वेंब्लीवर इंग्लंडचा सहा गोलांविरुद्ध तीन असा पराभव केला, तेव्हा कोठे इंग्लंडमधील शहाण्यांना आपल्या तयारीविषयी शंका येऊ लागली.

हंगाम उघडण्यापूर्वी एक सुंदर प्रथा असे. क्लबातील सर्व खेळाडूंचे दोन संघ पाडून, रंगीत विरुद्ध पांढरे किंवा लाल विरुद्ध निळे, असा एक जाहीर सराव सामना होई. तिकिटाचे उत्पन्न क्लबाने ठेवायचे नाही, ते धर्मादाय कामाला द्यायचे, असा दंडक होता. सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली सुरू झाली. त्यापूर्वी गावातील रुग्णालये वर्गणीवर चालत आणि त्यांच्या पेटीत या सामन्यांचे पैसे पडत. नव्याने आलेला पोरगा कसा आहे, जुन्याचा गुडघा बरा झाला का, हे पाहायला माणसे लोटत. चाहत्यांच्या दृष्टीने वर्षाचा खरा पाडवा तो.

चाहत्यांचे उरलेले उन्हाळी दिवस कसे जात हे समजण्यासाठी लँकेशायर परगण्यातील गिरणगावांकडे वळावे लागेल. बर्नली, ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टन ही लीगच्या पहिल्या बारांतील नावे त्याच परगण्यातली. तेथे उन्हाळ्यात ‘वेक्स’चा आठवडा असे. या शब्दाचा मूळ अर्थ जागरण. गावचे चर्च ज्या संताच्या नावे असेल त्याच्या सणाच्या आदल्या रात्री लोक चर्चमध्ये जागरण करून प्रार्थना करीत, दुसऱ्या दिवशी मिस्सा आणि मग जत्रा. गावचा सण म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीनंतर त्यातील जागरण आणि संत मागे पडले, जत्रा मात्र राहिली. गिरण्या आल्यावर मालकांच्या ध्यानात आले की या दिवसांत कामगार काही केल्या कामावर येत नाहीत. तेव्हा त्यांनी सबंध आठवडाच गिरणी बंद ठेवून बॉयलर साफ करून घेण्यास सुरुवात केली. निरनिराळ्या गावांचे आठवडे निरनिराळे. एका गावची धुराडी थंडावली की अख्खे गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलला जाई. सुट्टीचा पगार मिळत नसे. तो सर्वांना मिळावा यासाठीचा कायदा १९३८ साली आला. म्हणून वर्षभर आपल्या भिशीसारख्या मंडळांत आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवावे लागत. ज्या माणसाला शनिवारच्या सामन्याचे तिकीट आणि बायकामुलांचे ब्लॅकपूल यांचा मेळ घालायचा असे, त्याचा हिशेब आमच्या मते कोणत्याही अर्थमंत्र्यापेक्षा अवघड होता.

त्याच उन्हाळ्यात पुढील वर्षाच्या सामन्यांची यादी प्रसिद्ध होई. ही यादी करणे म्हणजे एक गूढ विद्या होती. कोणत्या शनिवारी कोण कोणाकडे जाणार, एकाच शहरातील दोन क्लबांचे सामने एकाच दिवशी घरी येऊ नयेत, नाताळात कोणाला लांबचा प्रवास पडू नये, हे सारे चार्ल्स सटक्लिफ नावाचे लँकेशायरमधील एक वकील स्वतः तयार केलेल्या तक्त्यांवरून जुळवीत आणि त्यांच्यामागे त्यांचा मुलगा हॅरल्ड ते काम करीत राहिला. यादी वर्तमानपत्रात आली की ती कापून स्वयंपाकघरातील फडताळाच्या दाराला चिकटवायची आणि स्थानिक वैऱ्याशी गाठ कधी आहे ते आधी पाहायचे, ही घरोघरची रीत. क्लबांच्या चाहत्यांची मंडळे या काळात निधी गोळा करीत. प्रेक्षकांच्या उभे राहण्याच्या जागेवर छप्पर घालणे, कुंपण, रंगरंगोटी यांसाठी त्यांनी लक्षावधी पौंड उभे केले, आणि बदल्यात क्लबाच्या कारभारात त्यांना एका शब्दाचाही अधिकार बहुधा मिळाला नाही. त्यांच्या राष्ट्रीय संघाचे ब्रीदच मदत करू, अडथळा आणणार नाही, या अर्थाचे होते. ज्याला पैज लावण्याची सवय होती त्याची मात्र उन्हाळ्यात पंचाईत होई. सामन्यांच्या निकालांवर कूपन भरून पैसे लावण्याचा ‘पूल्स’ नावाचा प्रकार लिव्हरपूलच्या लिटलवुड्स कंपनीने १९२३ साली सुरू केला होता. १९४९ पासून कंपन्यांनी उन्हाळ्यासाठी ऑस्ट्रेलियातील सामने कूपनांवर घातले, कारण तिकडे तेव्हा हिवाळा. ज्यांनी आयुष्यात मँचेस्टरपलीकडे पाऊल टाकले नाही अशा माणसांना ऑस्ट्रेलियातील लहानसहान क्लबांची नावे मुखोद्गत झाली ती अशी. जुगाराचे समर्थन आम्ही करणार नाही. भूगोलाची अशीही शिकवणी असू शकते, एवढेच.

चाहत्याचा उन्हाळा असा वाट पाहण्यात जाई. खेळाडूचा उन्हाळा काळजीत जाई, आणि या काळजीचे मूळ पगारात होते. १९०१ पासून लीगमधील कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा अधिक देऊ नये असा नियम होता. पुढे ही मर्यादा वाढत गेली, पण उन्हाळ्याचा दर वेगळा ठरला. १९२२ साली हंगामात आठ पौंड आणि बंद हंगामात सहा. १९५८ साली हंगामात वीस आणि उन्हाळ्यात सतरा. हे कमाल आकडे झाले. पुष्कळांना त्याहून कमी मिळे. चाळीस हजार माणसे ज्याच्या नावाने शनिवारी ओरडत, तो जूनमध्ये कोठे तरी काम शोधीत असे. कोणी बांधकामावर, कोणी शेतावर, कोणी दुकानात. इंग्लंडचा विख्यात खेळाडू टॉम फिनी याने लहानपणी नळकाम शिकून घेतले होते आणि प्रेस्टनकडून खेळत असतानाही तो धंदा त्याने सोडला नाही. प्रेस्टन या नावाचा अर्थ धर्मगुरूंचे गाव असा आहे आणि शहराच्या चिन्हावर संत विल्फ्रिड यांचे कोकरू आहे, हे जाता जाता सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. त्या गावात नळ गळू लागला तर दुरुस्तीला येणारा माणूस इंग्लंडचा खेळाडू असू शकत होता!

काही भाग्यवानांना उन्हाळ्यात क्रिकेट होते. आपल्या वाचकांना त्यांपैकी डेनिस कॉम्प्टनचे नाव परके नाही. महायुद्धाच्या काळात तो सैन्यातून हिंदुस्थानात आला, होळकर संघाकडून खेळला आणि १९४५ च्या मार्चमध्ये मुंबईत झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा केल्या. तरी सामना मुंबईनेच जिंकला. विजय मर्चंट यांच्या २७८ धावा त्याच सामन्यातल्या. हा कॉम्प्टन हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल खेळे. १९४७ च्या उन्हाळ्यात त्याने अठरा शतके आणि ३,८१६ धावा केल्या. १९५० च्या एप्रिलअखेरीस आपला भाऊ लेस्ली याच्यासह त्याने आर्सेनलसाठी फुटबॉलचा चषक जिंकला. पण फुटबॉलमध्ये १९३८ साली दुखावलेला गुडघा पुढे त्याला आयुष्यभर छळत राहिला. १९५० च्या उन्हाळ्यातील बरेच क्रिकेट त्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे बुडाले आणि १९५५ साली गुडघ्याची वाटीच काढून टाकावी लागली. ज्या शरीराला बंद हंगाम ठाऊक नव्हता त्या शरीराने अशी किंमत मोजली. आर्सेनलचाच आर्थर मिल्टन इंग्लंडकडून १९५१ साली फुटबॉल आणि १९५८ साली क्रिकेट खेळला. दोन्ही खेळांत इंग्लंडचे प्रतिनिधित्व करणारा तो शेवटचा पुरुष. निवृत्तीनंतर तो ब्रिस्टल शहरात पोस्टमन झाला. या परंपरेचा सर्वांत नवलाचा दिवस १५ सप्टेंबर १९७५. लेस्टरशायरचा ख्रिस बाल्डरस्टोन चेस्टरफील्ड येथे दिवसभर क्रिकेट खेळून ५१ धावांवर नाबाद राहिला, गाडीत बसून डॉनकास्टरला गेला, रात्री ब्रेंटफर्डविरुद्ध फुटबॉलचा सामना खेळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याने आपले शतक पूर्ण केले. तोवर हंगामांच्या कडा एकमेकींवर चढू लागल्या होत्या आणि दोन खेळ सांभाळणाऱ्या माणसांचे दिवस भरत आले होते.

पगार कमी असणे हे एक दुःख. त्याहून मोठे दुःख दुसऱ्या नियमात होते. १८९३ पासून लीगमध्ये अशी व्यवस्था रूढ झाली की खेळाडूशी करार वर्षभराचा करायचा, पण वर्ष संपले तरी त्याची नोंदणी क्लबाकडेच राहायची. दर हंगामाच्या शेवटी क्लब दोन याद्या करी. एकीत ठेवून घ्यायचे खेळाडू, दुसरीत विकायचे. पहिल्या यादीत नाव असलेल्याला नवा करार पसंत नसेल तर त्याने सही करू नये. पण मग त्याला पगार नाही आणि लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबाकडून खेळण्याची मुभाही नाही. करार संपला तरी बंधन संपत नाही, असा हा करार. मे महिन्यात क्लबाचे पाकीट पोस्टाने येई. त्यात काय आहे ते पाहण्यापूर्वी कित्येक घरांतील बायकांनी जपमाळ हाती घेतली असेल, असे आम्हांस वाटते.

या व्यवस्थेविरुद्धचा पहिला मोठा झगडा १९०९ च्या उन्हाळ्यात झाला. दोन वर्षांपूर्वी, १९०७ च्या डिसेंबरात, मँचेस्टर येथे बिली मेरेडिथ आदी खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली होती. मेरेडिथ हा वेल्समधील कोळशाच्या खाणीत लहानपणी उतरलेला मुलगा. काम करणाऱ्याने संघटित व्हावे हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. संघटना कामगारांच्या महासंघाशी जोडली जात आहे असे दिसताच फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढले की १ जुलैपूर्वी संघटना सोडा, नाही तर नोंदणी रद्द होईल. वेळ मोठी हुशारीने निवडलेली होती. उन्हाळ्यात सामने नाहीत, म्हणून संपाचा धाक नाही. घरात पैसा नाही, म्हणून टिकाव नाही. एकेका क्लबाचे खेळाडू नाइलाजाने शरण गेले. मँचेस्टर युनायटेडचे गेले नाहीत. एप्रिलमध्येच त्यांनी चषक जिंकला होता. त्यांचा पगार थांबला, मैदानाचे फाटक बंद झाले. पगार मिळत नाही म्हटल्यावर काहींनी कार्यालयातील तसबिरी काखोटीला मारल्या आणि कर्णधार चार्ली रॉबर्ट्सने त्या परत करायला लावल्या, अशी आठवण सांगितली जाते. नव्या हंगामाची तयारी तर करायलाच हवी. मग फॅलोफील्ड येथील दुसऱ्याच एका मैदानावर त्यांनी आपापला सराव सुरू केला. एव्हर्टनचा टिम कोलमन त्यांना येऊन मिळाला. एके दिवशी छायाचित्रकार आला, तेव्हा रॉबर्ट्सने एका फळीवर ‘आउटकास्ट्स फुटबॉल क्लब, १९०९’ असे लिहून ती पुढे ठेवली. आउटकास्ट्स म्हणजे जातीबाहेर टाकलेले. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते. चेहऱ्यांवर हसू आहे. पण ती माणसे कित्येक आठवडे बिनपगारी होती आणि पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा निर्धार पाहून इतर क्लबांतील खेळाडूही पुन्हा संघटनेकडे वळू लागले. अखेर हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्टला, बर्मिंगहॅम येथे तडजोड झाली. बंदी उठली, संघटनेला मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी युनायटेडचे खेळाडू दंडावर संघटनेच्या फिती बांधून मैदानात उतरले.

जिंकले काय? संघटना वाचली, महासंघाशी नाते मात्र तोडावे लागले आणि कमाल पगार व याद्या जशाच्या तशा राहिल्या. १९१२ साली हर्बर्ट किंगॅबी या खेळाडूच्या वतीने संघटना न्यायालयात गेली. ॲस्टन व्हिलाने त्याच्यासाठी मागितलेली रक्कम द्यायला कोणी तयार नसल्याने त्याच्या वाटा बंद झाल्या होत्या. खटला हरला आणि खर्चाने संघटनेचे कंबरडे मोडले. यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे कोणी या वाटेला गेले नाही. काहींनी पळून जाण्याचा मार्ग पाहिला. १९५० च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा खेळाडू नील फ्रँकलिन विश्वचषक सोडून कोलंबियातील बोगोटा शहरी गेला. तेथला देश त्याला मानवला नाही, तो लवकरच परतला आणि परतल्यावर त्याच्यावर बंदी आली. इंग्लंडकडून तो पुन्हा कधी खेळला नाही. १९५२ साली इटलीतील पालेर्मो क्लबाने आमच्या नळकाम करणाऱ्या फिनीला दहा हजार पौंड, शिवाय घर आणि मोटार देऊ केली. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी ऐकूनही घेतले नाही. फिनीने नळाची हत्यारे पुन्हा उचलली आणि कारकीर्दीच्या शेवटापर्यंत तो प्रेस्टनकडूनच खेळला. लोक त्याच्या निष्ठेचे गोडवे गातात आणि तो माणूस खरोखर सज्जन होता. पण ज्याला दुसरे दारच उघडे नव्हते त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणावे की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत.

दार उघडले ते जॉर्ज ईस्टहॅम या सडपातळ तरुणाने. तो न्यूकॅसल युनायटेडकडून खेळे. घरावरून आणि इतर काही गोष्टींवरून त्याचे क्लबाशी पटेना. १९६० च्या ३० जूनला करार संपला तेव्हा त्याने नवी सही केली नाही आणि दुसऱ्या क्लबाकडे जाऊ देण्याची विनंती केली. क्लबाने ठेवून घेतलेल्यांच्या यादीत त्याचे नाव घातले. ईस्टहॅम दक्षिणेकडे गेला आणि एका कुटुंबस्नेह्याच्या धंद्यात बुचाचा माल विकू लागला. इतर खेळाडू जुलैत मैदानाभोवती फेऱ्या मारीत होते, ऑगस्टमध्ये सराव सामने झाले, हंगाम सुरू झाला. इंग्लंडमधील एक अत्यंत कुशल खेळाडू मात्र बुचे विकीत होता. नोव्हेंबरात क्लब नमला आणि ४७,५०० पौंडांना त्याला आर्सेनलकडे जाऊ दिले. मिटले असे समजून कोणीही गप्प बसला असता. परंतु संघटनेने त्याला पाठबळ दिले आणि त्याने दावा लावला. मध्यंतरी १९६१ च्या जानेवारीत, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी केल्यावर, कमाल पगाराची मर्यादा उठली होती. आणि १९६३ च्या ४ जुलैला, पुन्हा बंद हंगामातच, न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निर्णय दिला की करार संपल्यावर खेळाडूला अडकवून ठेवणे हे त्याच्या धंद्यावरील गैरवाजवी बंधन आहे.

त्यानंतरचे सारे थोडक्यात सांगता येईल, कारण ते मुलांनाच आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. १९९५ च्या डिसेंबरात बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूसाठी मोबदला मागण्याची प्रथाच मोडली. बंद हंगाम आता अडीच-तीन महिन्यांवर आला आहे आणि त्यातही जगभरचे दौरे असतात. आहारतज्ज्ञ येऊन पोर्ट वाइन आणि कच्ची अंडी केव्हाच गेली. सरावात चेंडू आहे. गिरण्या बंद पडल्या, तेव्हा वेक्सचे आठवडेही ओसरले. यादी जूनमध्ये येते आणि पोरे ती फडताळाऐवजी मोबाइलमध्ये ठेवतात. खेळाडूंचे करार मात्र आजही बहुधा ३० जूनलाच संपतात. फरक इतकाच की त्या दिवसाची वाट आता क्लबच अधिक धास्तीने पाहतात.

हे सारे आम्ही पुढच्या रविवारी त्या मुलांना पायऱ्यांवरच बसून सांगितले. पगाराचे आकडे ऐकून ती हसली, आउटकास्ट्सच्या फळीची हकीकत त्यांनी दोनदा सांगायला लावली. प्रश्न विचारणारा मुलगा गप्प होता. त्याच्या घरी थोरला भाऊ आखाती देशात करारावर काम करतो, हे आम्हांस ठाऊक होते. शेवटी त्याने एवढेच विचारले, "तो बूच विकणारा पुढे खेळला का, फादर?" खेळला. १९७२ च्या मार्चमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, स्टोक सिटीकडून वेंब्लीवर लीग चषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध विजयाचा गोल त्यानेच केला.